गाडीतलं गाडीत

नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या दोघींना बसमध्ये बसलेलं पाहिलेलं नसतं. वहिनी खिडकीशी, वन्सं तिच्या शेजारी. वहिनीची पिशवी वन्संच्या मांडीवर आणि वन्संचा चष्मा वहिनीच्या पर्समध्ये. कारण वन्सं तो कुठेही काढून ठेवतात आणि मग अख्ख्या गाडीला शोधायला लावतात. संत्रं वहिनीनं सोलायचं, त्याच्या शिरा वन्संनी काढायच्या. वळणावळणाचा रस्ता लागला की वहिनीला मळमळतं, म्हणून वन्सं तिचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा मऊ भाग दाबत बसतात. त्याने मळमळ थांबते की नाही, देव जाणे. पण इतक्या वर्षांत हात सोडवून घ्यावा असं वहिनीला कधी वाटलं नाही, आणि सोडावा असं वन्संनाही वाटलं नाही.

यांचा धंदा ऐकून लोक हसतात. नाट्यगृहांचे पडदे दुरुस्त करायचे. पण हसणाऱ्यांनी एकदा मखमलीचा तो पडदा उचलून बघावा, म्हणजे हसू आपोआप जिरेल. रोज ओढाताण होऊन त्याची खालची कड झिजते, चुण्या सुटतात, अस्तर लोंबायला लागतं. एवढं धूड काढून शिवणाऱ्याच्या दारात नेणार कोण? म्हणून शिवणाऱ्यानेच त्याच्या दारात जायचं. वन्संच्या वडिलांनी हे काम सुरू केलं, धाकट्या भावाने पुढे चालवलं, आणि भाऊ ऐन उमेदीत गेला तेव्हा ते त्याच्या बहिणीच्या आणि बायकोच्या गळ्यात पडलं. पहिलं वर्षभर दोघी तसंच म्हणायच्या, गळ्यात पडलं. नंतर म्हणेनाशा झाल्या.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. भावाची बायको त्यांच्याहून लहान, तिला नावाने हाक मारली असती तरी चाललं असतं. पण ती घरात आली त्या दिवशी त्यांनी कौतुकाने 'वहिनी' म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं.

घरी मात्र या दोघी निराळ्याच बायका होत्या. सासू होती तोवर नणंद नणंदेसारखी राहिली आणि सून सुनेसारखी. सासू गेल्यावरही घराची ती सवय मोडली नाही. दूध आलं का, गॅस बंद केलास का, नळ टपकतोय, एवढ्यावर आठवडाच्या आठवडा निघायचा. बोलणं व्हायचं ते गाडीत. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्याच फेरीला गाडी स्टँडबाहेर पडली आणि वहिनीचा बांध फुटला. रडता रडता ती म्हणाली, "वाईट नव्हते हो ते. पण माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही कधी. आज मी कुठली साडी नेसलेय, हे डोळे मिटायला लावून विचारलं असतं तर सांगता आलं नसतं त्यांना."

सख्ख्या भावाबद्दल असलं ऐकून वन्संनी भडकायला हवं होतं. त्यांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "बोल, मोकळी हो. गाडीतलं गाडीत. घरी काढायचं नाही."

तेव्हापासून तो नियमच झाला. सासूची गाऱ्हाणी गाडीत झाली. वन्संनी तरुणपणी कुणाची वाट पाहिली होती आणि तो कसा दुसऱ्याच गावची मुलगी बघून मोकळा झाला, तेही गाडीतच सांगून झालं. भांडणंसुद्धा गाडीसाठी राखून ठेवलेली असायची. घरात एखादीला दुसरीचा राग आलाच, तर ती ओठ मिटून म्हणायची, "पुढच्या फेरीला बघते." आणि खरंच बघायची. मग एखाद्या थांब्यावर चहा पिताना दोघींना हसू फुटायचं. लोक कामासाठी प्रवास करतात; या दोघी कधीकधी प्रवासासाठीच काम घेत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

या खेपेला मात्र वन्संच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती ओठावर येत नव्हती.

ज्या नाट्यगृहाकडे त्या निघाल्या होत्या, तिथे दिव्यांचं काम बघणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना उजेडराव म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखात. आठवड्यापूर्वी पडद्याच्या कामासाठी त्यांचा फोन आला. कड झिजलीय, कधी येताय, सगळं बोलून झालं. तरी ते फोन ठेवेनात.

"आणखी एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"वहिनींबद्दल. म्हणजे… त्यांची हरकत नसेल तर. मी एकटाच असतो, त्याही तशा… आमचं बरं जमेल असं वाटतं मला. पण घरातल्या मोठ्या तुम्ही. तुमच्या कानावर न घालता त्यांच्याशी बोलणं मला प्रशस्त वाटेना."

"विचारते तिला," वन्सं म्हणाल्या. फोन ठेवला, आणि त्या क्षणापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या.

घरी ही गोष्ट काढायची नाही, गाडीत सांगू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. गाडीत बसल्यावर मनाशी म्हणाल्या, आधी सुटू तर दे. सुटल्यावर तिकिटं काढायची होती. मग समोरच्या बाकावरचं पोर रडत होतं; अशा गोंगाटात का कुणी लग्नाचं बोलतं? पोर झोपलं तेव्हा वहिनी संत्रं सोलत होती, आणि संत्रं संपेपर्यंत वळणं लागली. वन्संनी मुकाट्याने तिचा हात ओढून घेतला.

"आज गप्प गप्प आहात," वहिनी म्हणाली. डोळे मिटलेले, मान मागे टेकलेली. "काही शिजतंय का?"

"गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखला की तुम्ही जास्त बोलता."

"तू झोप बघू."

आणि वहिनी खरंच झोपली, वन्संच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून. वन्सं त्या मिटल्या पापण्यांकडे बघत राहिल्या. भावाची आठवण काढून त्या स्वतःला विचारत होत्या, त्याला काय वाटलं असतं? पण त्या काही स्वतःला फसवण्याइतक्या भोळ्या नव्हत्या. भावाला काही वाटलं नसतं. वाटण्यासाठी आधी बघावं लागतं. जे वाटत होतं ते त्यांना स्वतःलाच वाटत होतं. ही गेली तर हा खांदा कुणासाठी? एवढा एकच प्रश्न होता, आणि तो इतका आपमतलबी होता की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली तरी त्या बोलल्या नाहीत. गाव आलं, वहिनी जागी झाली, पर्समधून चष्मा काढून वन्संच्या हातात दिला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

नाट्यगृह दुपारचं असतं तसंच होतं. खुर्च्यांवर पांढरी कापडं घातलेली, लाकडाचा आणि जुन्या रंगाचा वास, वर कुठेतरी सैल झालेला पत्रा वाजत होता. दोघींनी सामान मेकअपच्या खोलीत टाकलं. तिथल्या आरशाभोवतीचे निम्मे बल्ब गेलेले असायचे. या वेळी सगळे लागलेले बघून वहिनी म्हणाली, "अरे वा! आज कुणीतरी आपली वाट बघत होतं." वन्संनी पिशवीतून सुया काढायला सुरुवात केली.

कामाची त्यांची पद्धत ठरलेली होती. पडदा दोन भागांचा, मध्यावर एक भाग दुसऱ्यावर वीतभर येतो, म्हणजे फट दिसत नाही. वन्सं डाव्या टोकाला बसायच्या, वहिनी उजव्या, कड मांडीवर घेऊन जाड पट्टी शिवत शिवत दोघी मध्याकडे सरकायच्या. मध्य जवळ आला की वहिनी हाक द्यायची, "आले हो!" मग दोघी आपापल्या भागाची कड वेगवेगळी बंद करायच्या आणि पाठ सरळ करायला उठायच्या. वन्सं टाका घालताना मान वर करत नसत. मध्यावर नजर ठेवणं हे वहिनीचं काम होतं.

उजेडराव आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलासारखी कळा. त्यांनी एक दिवा स्टँडवर लावून वहिनीच्या मांडीवर प्रकाश पडेल असा वळवला. वन्सं मनात म्हणाल्या, आलं लक्षात, हिच्यासाठी दिवा, आम्ही बसतो अंधारात! तेवढ्यात त्यांनी तसाच दुसरा दिवा वन्संपाशी आणून ठेवला आणि वर विचारलं, "डोळ्यांवर येत नाही ना?" आता अशा माणसाला नावं ठेवायची तरी कुठून? वन्संनी बराच प्रयत्न केला. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं मऊ, नखं स्वच्छ. नाव ठेवायला जागा नाही, हाच त्यांना त्या माणसाचा सगळ्यात मोठा दोष वाटला.

दिव्याची वायर सरळ करण्याच्या निमित्ताने ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "विचारलंत?"

"कामात आहे ती," वन्सं म्हणाल्या.

"हो, हो. सावकाश. माझी काही घाई नाही."

घाई नाही म्हणाले आणि निम्म्या पडद्यापर्यंत जाऊन दोनदा मागे वळून पाहिलं. वहिनी त्यांच्याकडे बघून नेहमीसारखी हसली. तिला बिचारीला काय ठाऊक! पण त्या हसण्याने उजेडरावांचा चेहरा असा उजळला की वन्संना सुई बोटात घुसल्याचंही कळलं नाही.

चहाच्या वेळेला ते वहिनीला म्हणाले, "वरची दिव्यांची खोली बघायची म्हणत होता तुम्ही मागे. आज सगळं चालू आहे. चहा तिथेच सांगतो. तुम्ही पण चला ना," हे वन्संना.

"माझा गुडघा जिने चढायचा नाही. जा तुम्ही."

वहिनी सुई पट्टीत खोचून गेली. तिचा मध्यापर्यंतचा बराच भाग शिवायचा राहिला होता. थोड्या वेळाने वरून रंगमंचावर निळा प्रकाश पडला. मग तो नारिंगी झाला. मग कुणीतरी नवशिक्या हाताने सगळे खटके एकदम दाबले असावेत, आणि वरून वहिनीचा आवाज आला, "वन्सं! तुम्ही जांभळ्या झालात!" आणि ती हसली. रिकाम्या नाट्यगृहात ते हसणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

ते हसणं वन्संच्या ओळखीचं होतं. फक्त गाडीत ऐकू यायचं ते. गाडीबाहेर, एखाद्या परक्या खोलीत, दुसऱ्या कुणाबरोबर वहिनी तशी हसू शकते, हे त्यांना आज कळलं. संध्याकाळची गाडी आहे, त्या मनाशी म्हणाल्या. उद्याची कशाला, काम आटपलं तर संध्याकाळचीच धरू. मग त्यांनी अशी सुई चालवली की बस्स. स्वतःचा भाग संपला तरी थांबल्या नाहीत. वहिनीचा राहिलेला भागही शिवून काढला, तिची सुई सापडेपर्यंत. 'आले हो' म्हणायला कुणी नव्हतंच. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि मोठ्याने हाक मारली, "झालं गं! उतर खाली, आवरायला घे."

दोरी ओढणारे मामा विंगेत उभे होते. व्यवस्थापकांनी सांगितलं, एकदा उघडून बघा. मामांनी दोरी ओढली. पडदा फुगला, कुरकुरला, वरच्या कड्या करकरल्या, पण पडदा काही उघडला नाही. मामांनी पाय रोवून पुन्हा ओढलं. "अहो, कुणीतरी धरून ठेवलाय आतून!" ते ओरडले.

धरून कुणी ठेवलेला नव्हता. वन्संनी दोन्ही भाग एकमेकांना शिवून टाकले होते.

उद्या त्या रंगमंचावर प्रयोग होता. व्यवस्थापक कपाळाला हात लावून गेले, मामा तोंड फिरवून हसले, आणि उजेडराव दोन्ही दिवे मध्यावर आणून ठेवून लांब निघून गेले. दोघी समोरासमोर जमिनीवर बसल्या आणि उसवायला लागल्या. वहिनीने कड दिव्याजवळ धरून टाके पाहिले.

"हा माझा टाका नाही," ती म्हणाली. "माझी बाजूसुद्धा तुम्हीच शिवलीत?"

"तू वर होतीस."

"मी वर होते, मेले नव्हते. येणारच होते ना खाली? वन्सं, तुम्ही मध्य चुकलात! ज्या पडद्याखाली आयुष्य गेलं तुमचं, त्याला दोन भाग असतात हे विसरलात?"

"घाईत झालं."

"कसली घाई?"

"संध्याकाळच्या गाडीची."

"आपण उद्या जायचं ठरलंय." वहिनीने कात्री खाली ठेवली. "काय झालंय? सकाळपासून बघतेय, तुमचं काहीतरी बिनसलंय."

"गाडीत सांगेन."

"इथे गाडी कुठे आहे? इथेच सांगा."

आणि मग त्या उसवलेल्या दोऱ्यांच्या ढिगात, विंगेतल्या मामांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात वन्संनी सगळं सांगितलं. उजेडरावांचा फोन, त्यांचं विचारणं, आपलं 'विचारते' म्हणणं. वहिनी ऐकत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि एवढ्या मोठ्या बाईला लाजताना बघून वन्संना मायाही वाटली आणि धसकाही बसला. म्हणजे हिच्याही मनात होतं तर.

"आठवडा झाला याला," वहिनी शेवटी म्हणाली. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"योग्य वेळ बघत होते."

वहिनीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलतेय हे तिला कळलं होतं आणि कळलंय हे वन्संनाही कळलं होतं. तिने कात्री पुन्हा उचलली आणि पुढचा टाका कापला.

"तुम्हाला काय वाटतं?" वहिनीने विचारलं. प्रश्न साधा होता, पण विचारताना तिचा हात थांबला होता.

वन्संना जे वाटत होतं ते दोन शब्दांत मावलं असतं. ते दोन शब्द त्यांच्या जिभेवर आले. त्यांनी ते गिळले, पाठ ताठ केली आणि शाळेत बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांसारखं भाषण सुरू केलं. "माणूस चांगला आहे. निर्व्यसनी आहे. तुझं वय काही गेलेलं नाही. आयुष्यभर माझ्या मागे पिशव्या वाहत फिरणार आहेस का? हो म्हणून टाक. माझं काय, मी आहे खंबीर. मदतीला एखादी मुलगी मिळेल."

"मुलगी मिळेल," वहिनी म्हणाली.

"मिळते की. शिकवली की शिकते."

"म्हणजे तुम्हाला चालेल."

"मला न चालायला काय झालं?"

"बरं," वहिनी म्हणाली. त्या 'बरं'मध्ये इतका गारठा होता की वन्संना आपली बोटं गार पडल्यासारखी वाटली. त्यानंतर मेकअपच्या खोलीत झोपेपर्यंत ती 'कात्री द्या' आणि 'उशी घ्या' याखेरीज काही बोलली नाही. नाट्यगृहात जणू घर येऊन बसलं होतं.

सकाळी पडदा बिनबोभाट उघडला. मामांनी शिट्टी मारली. उजेडराव शिडीवर होते, हातात नवा बल्ब. वहिनी शिडीखाली गेली आणि वर बघून म्हणाली, "तुम्ही वन्संना जे विचारलं होतं, त्याला माझं हो आहे." एवढंच. उजेडरावांना खाली कसं उतरायचं तेच आठवेना. एक पायरी उतरले, एक चढले, आणि शेवटी वरूनच म्हणाले, "बरं झालं. म्हणजे, फार बरं झालं." तेव्हा वहिनीसुद्धा हसली. मनापासून हसली, वन्संनी नीट बघितलं. रागाच्या भरात दिलेला होकार नव्हता तो. तसा असता तर वन्संना सोपं गेलं असतं.

ते दोघींना गाडीपर्यंत सोडायला आले. महिन्याभरात येऊन बोलणी करतो म्हणाले, पिशव्या वर टाकून दिल्या. वहिनी गाडीत चढल्यावर वन्सं मागे रेंगाळल्या.

"तिला गाडी लागते," त्या म्हणाल्या. "वळणांवर."

"असं होय? मग काय करायचं असतं?"

वन्संनी आपला अंगठा मुठीत झाकून घेतला. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या चढल्या. बाकी सगळं त्यांनी त्या माणसाला देऊन टाकलं होतं. एवढं एक त्यांना देववेना.

आत बघतात तर वहिनी त्यांच्या नेहमीच्या जागेवर नव्हती. गाडी अर्धी रिकामी होती, तरी ती पार पुढे, एका अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन बसली होती. वन्सं मागे एकट्या बसल्या. शेजारी पिशवी ठेवली. पिशवी दर थोड्या वेळाने कलंडायची आणि त्या ती सरळ करायच्या. समोर वहिनीच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, सैल झालेला अंबाडा, त्यातली वाकडी बसलेली पिन. ती पिन नीट करावी असं त्यांच्या हाताला इतकं वाटत होतं की त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. खिडकीबाहेर कुंपणं गेली, शेतं गेली, एक बंद पडलेला कारखाना गेला. एरवी त्या कारखान्यावर वहिनीचं काहीतरी ठरलेलं बोलणं असायचं. आज कारखाना तसाच गेला.

पुढे वळणं लागली. वहिनीचं डोकं खाली झुकलं. शेजारची बाई जरा सरकून बसली.

वन्सं उठल्या. गाडी डाव्या अंगाला कलत होती, गुडघा 'नको' म्हणत होता, कंडक्टर ओरडला, "आजी, बसून घ्या, पडाल!" आजी कुणाला म्हणतोस, असं एरवी त्यांनी त्याला सुनावलं असतं. आज सवड नव्हती. दांडे धरत, एकाच्या पायावर पाय देत, दुसऱ्याच्या टोपलीला धडकत त्या पुढे गेल्या आणि त्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "मागे खिडकीची जागा आहे. तुम्ही जाता का? ही माझी आहे."

बाई उठून गेली. वन्संनी बसल्या बसल्या वहिनीचा हात ओढला आणि दाबायला लागल्या. वहिनीने हात काढून घेतला नाही, पण मानही वर केली नाही.

"शिकवली की शिकते म्हणे," थोड्या वेळाने ती खिडकीकडे बघत म्हणाली. आवाज फुटलेला होता. "इतकी वर्षं बरोबर काढली मी. आणि तुम्ही मला अशी देऊन टाकलीत, जुनं कपाट द्यावं तशी. एकदा तरी… मी काय मागत होते? एकदा तरी काही वाटल्याचं दाखवायचं."

"जाऊ नकोस," वन्सं म्हणाल्या.

वहिनीने गर्रकन मान वळवली.

"जाऊ नकोस गं. मला नकोय तू जायला. आठवडाभर झोप नाही मला. कुठली मुलगी शिकवू मी? तिला काय करायचंय माझ्या गुडघ्याशी? तू नसलीस तर मी गाडीत बसून करू काय? नको जाऊस." वन्सं रडत होत्या, अगदी मोठ्याने, आणि आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

"मग काल का नाही म्हणालात?" वहिनीही आता रडत होती. "मी विचारलं होतं ना? समोर बसून विचारलं होतं! काल का नाही म्हणालात?"

वन्संनी नाक पुसलं.

"काल म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस."

ते खरं होतं, आणि वहिनीला ते ठाऊक होतं. तिने वन्संचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. गाडी वळणं घेत राहिली. घर यायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि तो दोघींनाही पुरणार नव्हता.